चालू भट्टीचं अस्तर

४ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. नमस्कार कागदावरचा असला तरी पुरता वाकून केलेला आहे, असं समज.

फोनवर बोलत जा असं तू दर पत्रात लिहितेस आणि माझ्या कानांचं काय झालंय ते दर पत्रात विसरतेस. ओतशाळेतल्या हातोड्यांनी ते कधीच खाल्ले. फोनवर तुझा आवाज येतो, शब्द येत नाहीत. सध्या मला शब्द हवेत, आणि चुकीचे तर अजिबात नकोत.

तर बातमी अशी, की हिचे शेक थांबवले. पोटात मागच्या बाजूला गाठ आहे, तिच्यावर किरणांचे शेक चालू होते, हे तुला माहीत आहे. निम्म्याच्या थोडं पुढे गेल्यावर डॉक्टरीणबाईंनी थांबायला सांगितलं. गाठ आकसली आहे, त्यावर त्या खूश आहेत. पण वाटेतलं आतडं भाजून निघालं. आतड्याचं आतलं अस्तर जागोजागी सोलून गेलंय, असं त्या म्हणाल्या. ताई, हे त्या अगदी सहज म्हणाल्या. समोर बसलेला माणूस जन्मभर भट्ट्यांना अस्तरंच लावत आलाय, हे त्यांना काय ठाऊक! अस्तर गेलेली भट्टी मी एकदा पाहिली आहे, दुसऱ्या कुणी लावलेली. बाहेरचा पत्रा आधी काळसर लाल होतो, मग नारिंगी. मग ओतीव लोखंड कुशीतून बाहेर येतं आणि जो तो जीव घेऊन पळतो.

तुझी भावजय म्हणजे कारखान्याच्या वजनकाट्यावर ट्रक चढवून ड्रायव्हर लोकांची तोंडं बंद करणारी बाई. ती आता भिंत धरून न्हाणीघरापर्यंत जाते. पोटात काही गेलं की थोड्या वेळात पाणी होऊन बाहेर. कधी रक्तही. परवा चादर बदलताना म्हणाली, की रिकाम्या ट्रकला कशाला एवढं झाकता. मी हसलो, आणि मग बाल्कनीत जाऊन उगाच वाळत घातलेले कपडे सारखे केले.

नाकातून पोटात बारीक नळी घातली आहे. तिच्यातून पांढरं, दुधासारखं पातळ जेवण थेंबाथेंबाने सोडायचं. सकाळची पिशवी नर्स येऊन टांगते, नळीवरचं चाक फिरवून थेंब लावते आणि पुढच्या घरी जाते. दुपारच्या पिशव्या मी लावायच्या. संध्याकाळी ती परत येते, सलाइन आणि ताप बघते. मी रजा काढली आहे.

ग्रंथालयातून दोन पुस्तकं आणली आहेत आणि पहिल्या पानापासून वाचतो आहे, इकडचं तिकडचं चाळत नाही. डॉक्टरीणबाईंना मी सरळ विचारलं, की अस्तर नसलेल्या आतड्यात माल टाकत राहणं बरोबर आहे का. त्या हसून म्हणाल्या, की जेवण चालू ठेवायचं, आणि पुढच्या पेशंटला हाक मारली. त्याला काय उत्तर म्हणायचं? आमच्यात अस्तर गेलं की पहिल्यांदा भट्टी बंद. थंड होऊ द्यायची, खरवडायची, विटा लावायच्या, सांधे सुकू द्यायचे, मग हलका ताव. तोवर आत काही टाकायचं नाही. घाई करणाऱ्यांच्या भट्ट्या फुटतात. माझी एकही फुटलेली नाही. तुला माहीत आहे, तरी सांगतो.

तू प्रयोगशाळेत रोज माणसांच्या आतड्याचे काप कापतेस. मला एवढंच सांग, नवं अस्तर धरतं का? उगाच धीर देऊ नकोस, तो इथे शेजारीपाजारी फुकट वाटतायत.

लोभ आहे तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझा
धाकटा


९ मार्च

चि. मास्तरास,

अ. आ. वि. वि. शाळेत असताना गुरुजींची बेरीज भर वर्गात दुरुस्त केलीस तेव्हापासून हे नाव तुला चिकटलं, आणि तुझं पत्र वाचून पटलं की ते उतरायचं नाही. दोन पुस्तकं पहिल्या पानापासून! डॉक्टरीणबाईंची मला दया आली.

धरतं, मास्तर. नवं अस्तर धरतं. आता कसं ते ऐक, नाहीतर तू तिसरं पुस्तक आणशील.

तुकडा मेणात बसवून, पातळ काप काढून, रंगवून काचपट्टीवर ठेवला की आतड्याची आतली बाजू मखमलीसारखी दिसते. सगळीकडे बारीक लव, बोटांसारखी उभी. या लवेच्या बुडाशी खळगे असतात, आणि खळग्यांच्या तळाशी थोड्याशा पेशी बसलेल्या असतात. त्या मूळपेशी. स्टेम सेल म्हणतात त्या. त्यांचं काम एकच, एकीच्या दोन होत राहायचं. काही लेकी तळाशीच राहतात, बाकीच्या वर सरकतात. सरकता सरकता कुणी अन्न शोषायला लागते, कुणी बुळबुळीत स्राव करायला लागते. लवेच्या टोकाला पोचल्या की गळून पडतात. तळापासून टोकापर्यंतचा हा सगळा जन्म चार-पाच दिवसांचा. म्हणजे तू आज ज्या पोटावर हात ठेवून बसला आहेस त्याचं अस्तर मागच्या आठवड्यात नव्हतं. आई असती तर म्हणाली असती, तरीच याच्या पोटाला अजून वळण नाही.

किरण मारतात ते नेमकं विभागणाऱ्या पेशींना. गाठीतल्या तशाच खळग्यांतल्या. टोकावरच्या पेशी आपला काळ पुरा करून गळतात आणि खालून बदली येत नाही, म्हणून ते सोलणं. पण सगळ्या मूळपेशी मरत नाहीत. तळाशी त्यांच्या शेजारी सुइणींसारख्या पेशी असतात, त्या यांना जपतात, जंतूंना दूर ठेवतात. थोड्या जरी वाचल्या तरी खळगा पुन्हा भरतो, आणि एक भरलेला खळगा फुटून दोन होतो.

किती वाचल्या असतील, ते मला माहीत नाही. हे वाक्य मी लिहून खोडलं होतं आणि परत लिहिलं आहे, कारण उगाच धीर नको म्हणालास. मलाही भीती वाटते. वजन आणि ताप कळवत राहा. नर्सचं ऐक, तिला शिकवू नकोस.

तिला माझा घट्ट आशीर्वाद. तुझ्यावरचा लोभ जागच्या जागी आहे.

ताई


१७ मार्च

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र हिला मोठ्याने वाचून दाखवलं. ही म्हणते माझं मोठ्याने म्हणजे खालच्या मजल्यावरच्यांनाही वाचून दाखवल्यासारखंच आहे. खळग्यांतल्या मूळपेशींना ती आता तळघरातल्या बाया म्हणते. सकाळी पोटावर हात ठेवून विचारते, की बायांनो, कामावर आलात का. मला यात हसण्यासारखं काय आहे ते कळत नाही, पण हसतो.

चांगलं आधी लिहितो. जुलाब पुष्कळ कमी झाले. दुपारी पोटातली कळ जवळजवळ नसते. मी माझ्या पद्धतीने काळजी घेतो आहे आणि तिचा गुण दिसतो आहे. जास्त लिहीत नाही, तू लगेच शिकवायला बसशील.

आता वाईट. वजन उतरतंय. नर्स हातात वजनाचा काटा घेऊन येते, तो जमिनीवर ठेवते. ही त्याच्यावर चढली आणि म्हणाली, की या काट्यावर तपासणीचा शिक्का नाही, मी याची पावती फाडणार नाही. नर्स हसली. मग ही खाली उतरली आणि पलंगापर्यंत जाताना माझा दंड धरला तो इतका घट्ट, की बोटं उमटली. मला वाटलं एवढी ताकद आहे म्हणजे बरं आहे. नंतर लक्षात आलं, की ती ताकद नव्हती, ही घाबरली होती.

डॉक्टरीणबाई बुचकळ्यात पडल्या आहेत. जेवण पोटात जातंय, बाहेरही फारसं पडत नाही, मग जातंय कुठे, असं त्या म्हणतात. एक तर अस्तर कायमचं गेलंय आणि काही शोषलं जात नाही, नाहीतर आतडं कुठेतरी आकसलंय. कॅमेरा घालून तुकडा काढणार आहेत. तरीही सुधारणा दिसली नाही तर आतड्याचा तेवढा भाग कापून टाकण्याचं बोलल्या. हिने विचारलं, की कापून उरलेल्यावर भागतं का. बाईंनी सांगितलं, की ते किती उरतं त्यावर आहे. घरी येईपर्यंत गाडीत आम्ही दोघंही खिडकीबाहेर बघत होतो, दोन वेगळ्या खिडक्यांतून.

ताई, माझं काही चुकत असेल असं मला वाटत नाही. मी सगळं नियमाने करतो आहे. मग काय होतंय?

घरात एक सोय मात्र चांगली झाली. नळीतल्या जेवणाचे खोके दर आठवड्याला येतात. ते कुठेही पडू नयेत म्हणून खिडकीखाली मी त्यांची भिंत रचली आहे, सांध्यावर सांधा न येऊ देता, आम्ही विटा रचतो तशी. आता ती कोपराच्या उंचीची झाली आहे. तिच्यावर कागद ठेवून, सगळा भार टाकून हे पत्र लिहितो आहे. टेबल डुगडुगतं, ही जरा म्हणून हलत नाही.

लोभ असू दे, आणि मला काही सुचव.

धाकटा


२० मार्च, तातडीच्या टपालाने

मास्तर,

आशीर्वाद नंतर. आधी वाच.

रिकामे खोके कोपराचा भार घेत नाहीत. चेपतात. तुझी भिंत जरा म्हणून हलत नाही, म्हणजे ती भरलेल्या खोक्यांची आहे. दुपारच्या पिशव्या तू लावायच्या, असं तूच लिहिलं होतंस. तू त्या लावत नाहीस. बहुतेक सकाळचीही नर्स वळली की चाक बंद करून ठेवतोस. भट्टी बंद, आत माल नाही, अस्तर सुकू दे. असंच ना? नाही म्हणायचं असेल तर माझ्या डोळ्यांना डोळा देऊन म्हणशील का?

भट्टीचं अस्तर बाहेरून माणूस येऊन लावतो, म्हणून भट्टी रिकामी लागते. आतड्याला बाहेरून कुणी येत नाही. ते आपलं अस्तर आपणच, काम चालू असताना लावतं, आणि चालू असेल तरच लावतं. त्या पेशी समोरून जाणाऱ्या अन्नातून खातात. अन्न आलं की त्यांना कामाला लागा असा निरोप जातो. नाही आलं, तर धडधाकट माणसाचीसुद्धा लव बुटकी होते. मी अशा काचा पाहिल्या आहेत. जुलाब कमी झाले ते अस्तर धरलं म्हणून नाहीत, आत काही नव्हतंच म्हणून. वजन कुठे जातंय ते तुमच्या डॉक्टरीणबाईंना कळत नाही, कारण त्या समजतात जेवण जातंय. या समजुतीवर त्या तिचं आतडं कापायला निघाल्या आहेत.

आता हे नीट वाच. चाक सोडू नकोस. हे वाचून तुझा हात पहिल्यांदा चाकाकडेच जाईल, मी तुला ओळखते. उपाशी राहिलेल्या शरीरात एकदम अन्न गेलं की रक्तातले क्षार कोसळतात, हृदय थांबू शकतं. आधी डॉक्टर, मग चाक. आज, आत्ता जा. सगळं सांग, गुळमुळीत नको.

अन्न लागतं हे मागच्या पत्रात मी लिहायला हवं होतं. मला ते इतकं उघड वाटलं, की लिहायचं सुचलंच नाही. तू भट्टीवाला आहेस हे विसरले. हे माझ्या डोक्यात कालपासून फिरतंय.

जा आता.

ताई


२८ मार्च

ती. वन्संना,

सा. न. वि. वि. पेन्सिलीने लिहिते आहे, आडवं पडून पेन उमटत नाही. अक्षराला नावं ठेवू नका.

मी वॉर्डात आहे. घाबरू नका, म्हणजे आम्ही घाबरलोय त्याहून जास्त घाबरू नका.

तुमचं तातडीचं पत्र यांनी दारातच फोडलं. वाचून झाल्यावर ते माझ्याकडे आले नाहीत. पलंगाशेजारच्या पिशवीकडे बघत उभे राहिले, हात मागे बांधून, जसं लहान मुलाला दुकानात कशाला हात लावू नको म्हटल्यावर ते उभं राहतं. मग शेजारणीला माझ्याजवळ बसवून गेले. पुढचं मला नर्सने सांगितलं. डॉक्टरीणबाई कुठल्यातरी मीटिंगला निघाल्या होत्या, यांनी त्यांना जिन्याजवळ गाठलं आणि तिथेच सगळं सांगितलं. यांचा आवाज तुम्हाला माहीत आहे. बाई म्हणत होत्या हळू बोला, आत बसून बोलू. ते यांना ऐकू येत नव्हतं. रांगेतले पेशंट, झाडणारा, खिडकीवरचा माणूस, सगळ्यांना कळलं, की या माणसाने बायकोचं जेवण बंद केलं होतं. एक म्हातारी उठून यांना बसायला जागा द्यायला लागली, असं नर्स म्हणाली.

बाई रागावल्या नाहीत. मी त्यांच्या जागी असते तर काट्यावरून ढकलून दिलं असतं. त्यांनी तेव्हाच गाडी पाठवून मला इथे आणलं, रक्त तपासलं, क्षार चढवले, आणि मग थेंब सुरू केला, इतका हळू की बघणाऱ्याला झोप यावी. दुसऱ्या दिवशी छाती धडधडली, मशीन वाजायला लागलं, तीन-चार जणं धावत आली. ते वाजत असताना मला यांचं तोंड दिसत होतं दाराच्या काचेतून. तुम्ही चाक सोडू नको असं लिहिलं नसतं तर काय झालं असतं, त्यावर मी काही बोलत नाही. आता धडधड नाही.

वन्सं, एक सांगते, ते तुमच्यापाशी राहू दे. मला माहीत होतं. पिशवी माझ्या डोक्याशी टांगलेली, मी काय आंधळी आहे? एकदा विचारलं तेव्हा यांनी भट्टीचं सगळं समजावून सांगितलं आणि मला पटलं. ज्या भट्टीच्या भिंतीला लागून माझी काट्याची खोली आहे, तिला यांचं अस्तर आहे. इतकी वर्षं मी तिथे पाठ टेकून बसले, कधी खुर्ची पुढे ओढून घ्यावी असं वाटलं नाही. अशा माणसावर कशी शंका घेऊ?

पण ते अर्धंच कारण. चाक बंद झालं की पोट शांत व्हायचं. कळ थांबायची. ती शांतता मला हवीशी व्हायला लागली होती. आपण हलके होतोय हे मला कळत होतं, वजनातलं मला नाही कळणार तर कुणाला. आणि एका दुपारी मनात आलं, की असंच हलकं होत होत गेलं तरी काय वाईट. सगळ्यात जास्त भीती मला त्या दुपारची वाटते. किरणांची नाही, आतडं कापायचीही नाही.

काल कॅमेरा घालून तुकडा काढला. मी हट्ट करून एक काचपट्टी तुमच्याकडे पाठवायला लावली आहे, या पत्रामागून येईल. तुम्ही बघा आणि मला लिहा. मला, यांना नाही. भरलेलं दिसलं तर भरलेलं, कमी असेल तर कमी. मी जन्मभर लोकांना तसंच सांगत आले.

लोभ कमी करू नका, आणि यांच्यावर रागावला असाल तर तो अर्धा माझ्या नावावर टाका.

तुमची
काटेवाली


५ एप्रिल

चि. सौ. काटेवालीस,

अ. आ. वि. वि. काच पोचली. मी एकटीने पाहिली नाही. माझ्या मायेला जे दिसेल त्याच्यावर माझाच विश्वास नाही, म्हणून आमच्या मोठ्या डॉक्टरांना शेजारी बसवलं आणि कुणाची आहे ते सांगितलं नाही.

सुरुवातीला आम्ही जिथे होतो तिथे काही नव्हतं. लव नाही, खळगे नाहीत, नुसती सुजलेली जमीन. मी उठून पाणी प्यायले. डॉक्टरांनी काच सरकवली, पुढेही तसंच. मला वाटलं तुला काय लिहू. मग कडेला एक खळगा दिसला, त्याच्याजवळ दुसरा. नेहमीपेक्षा जाडजूड, आत खेटून पेशी, कितीतरी विभागत असलेल्या. आपण लग्नघरात चुलीजवळ बायकांची गर्दी बघतो तशी. दोन ठिकाणी खळगा बुडापासून दुभंगत होता, एकाचे दोन. त्यांच्यावरची लव बुटकी आहे, अगदी बुटकी, पण आहे. डॉक्टर म्हणाले, की हे आतडं मार खाल्लेलं आहे आणि परत उभं राहायला लागलं आहे. मग मी सांगितलं कुणाचं ते. त्यांनी काच परत लावून पुन्हा पहिल्यापासून पाहिली. मत बदललं नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली. तळाच्या मूळपेशी फार मेल्या, तर वर निघालेल्या लेकींपैकी काही जणी अर्ध्या वाटेवरून मागे फिरतात. कामाला लागलेल्या असतात, तरी ते सोडून तळाशी येतात आणि पुन्हा मूळपेशी होतात. काचेवर हे दिसत नाही, काचेवरचं सगळं जागच्या जागी थांबलेलं असतं. या गर्दीतल्या किती जणी अशा परत आलेल्या, ते कुणी सांगू शकणार नाही. मला आपलं वाटलं तुला सांगावं.

आता कमी काय, तेही सांगते. तुकडा नखाएवढा, त्यावरून सगळं आतडं कळत नाही. उरलेले शेक या नव्या अस्तराला सोसतील का, हे मी डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, की सांगता येत नाही. ते सहसा असं म्हणत नाहीत.

तू जे माझ्यापाशी ठेवलंस ते माझ्यापाशी राहील. पण शांतता हवी असेल तर कळेवरचं औषध माग. मिळतं. तेवढ्यासाठी मरावं लागत नाही. आणि जमलं तर त्याला तू स्वतः सांग. तो ऐकत नाही, पण सांगितलेलं त्याला राहतं.

तुझ्यावरचा लोभ कुठल्याही काट्यावर तोलून बघ.

ताई


१६ एप्रिल

ती. ताईस,

सा. न. वि. वि. आम्ही घरी आलो. वजन आधी थांबलं, मग अगदी किंचित चढलं. नळी अजून आहे, पण काल तिने तोंडाने चार घास उकडून कुस्करलेला बटाटा खाल्ला, मीठ कमी आहे म्हणून मला बोलली, आणि तो पोटात राहिला. मी चमचा धुवायला आत गेलो आणि बराच वेळ तो एकच चमचा धूत राहिलो.

तिने मला त्या दुपारचं सांगितलं. तुला आधीच माहीत होतं, तेही सांगितलं. मी तिच्या पोटाचं रक्षण करत बसलो होतो आणि ती माझ्यासमोर पडल्या पडल्या निघाली होती. मला दिसलं नाही. सांध्यात केसाएवढी फट असली तरी दिसणारा माणूस मी.

आता ज्यासाठी लिहितो आहे ते. उरलेले शेक सोमवारपासून सुरू होतायत. डॉक्टरीणबाईंनी आम्हा दोघांना बसवून सांगितलं. गाठ आकसली आहे, गेलेली नाही. सोडून दिलं तर वाढेल. शेक दिला तर जे अस्तर आत्ता धरतंय तेच पुन्हा सोललं जाणार. या खेपेला डोस वाटून देणार, जेवण पहिल्यापासून चालू ठेवणार, कळेवर औषध देणार. धरेल का, असं मी विचारलं. बाई म्हणाल्या, की बहुतेक. मी त्या शब्दाचा अर्थ विचारला. त्यांनी घड्याळ पाहिलं नाही, बराच वेळ समजावलं. पण त्या शब्दाचा अर्थ काही निघाला नाही.

सही हिने केली. मी करणार होतो, तर म्हणाली, की माल माझा आहे. आता ती पलंगावर पाय लांब करून बसली आहे आणि काट्यावरच्या पोरींना निरोप पाठवते आहे, की मी येईपर्यंत कुणालाही उधार वजन करून देऊ नका. मधेच थांबून पोट चाचपते. मी बघतो आहे हे लक्षात आलं की केस सारखे करायला लागते.

ताई, मी तुला प्रश्नांचं अख्खं पान लिहिलं होतं. मूळपेशी दुसऱ्यांदा मार खाऊन उठतात का, मागे फिरणाऱ्या लेकी दोनदा फिरू शकतात का, दोन शेकांमध्ये त्यांना किती वेळ लागतो. ते पान फाडलं. तू प्रामाणिकपणे माहीत नाही असं लिहिशील, आणि मी ते भिंतीला टेकून परत परत वाचत बसेन. सोमवारी सकाळी मला तिला त्या खोलीच्या दारापर्यंत सोडायचं आहे. जाड दार आहे, आत फक्त ती जाते. मागच्या वेळी मला ते दार म्हणजे काहीच वाटलं नव्हतं. आत काय होतं ते तेव्हा मला माहीत नव्हतं. आता तू चित्र काढून दाखवल्यासारखं दिसतं.

मी आजवर तुला कधी ये असं म्हटलं नाही. लग्नातसुद्धा पत्रिका पाठवली आणि तू येशीलच असं धरून चाललो. आज म्हणतो आहे. समजावून सांगायला नको, पुस्तक नको, काचही नको. माझ्या शेजारी त्या बाकावर नुसती बस.

या पत्राचं उत्तर लिहू नकोस, ते सोमवारनंतर पोचेल. लोभ असावा असं लिहीत नाही. तो सोबत घेऊन ये.

तुझा
धाकटा